आमसभेत बोलायला उभं राहायचं, ते कसं?

कापूस वेचताना, निंदणाच्या पातीवर, गावातली बाई दिवसभर बोलत असते. नळाला कोणत्या गल्लीत पाणी येतं आणि कोणत्या गल्लीत येत नाही, पांदण रस्ता कोणी दाबला, रेशनचं धान्य कधी आलं आणि कधी वाटलं, सगळं तिला तारीखवार पाठ असतं. सांगते तेही असं, की ऐकणारीचे हात थांबतात. तिचाच बारावी झालेला पोरगा पारावर मित्रांसमोर पीकविम्याचा हिशेब फडाफड मांडतो. मग पंधरा ऑगस्टला समाजमंदिरात आमसभा, म्हणजे ग्रामसभा, भरते. माणसं खुर्च्यांवर, बाया मागे सतरंजीवर, पोट्टे दाराशी उभे. सरपंच विचारतात, "कोणाले काही बोलायचं हाय का?" ती शेजारणीला कोपराने ढोसते, "तू बोल ना वं." पोरगा मोबाइलमध्ये डोकं घालतो. ठराव वाचून होतात, सह्या होतात, सभा उठते.

बोलता न येणं ही या दोघांची अडचण नाहीच. अडचण आहे ती उठून उभं राहण्याची, सगळ्या माना आपल्याकडे वळतात त्या क्षणाची. तो क्षण निभावता येतो आणि त्याची तयारी करता येते. बचत गटाची नवी अध्यक्ष, पहिल्यांदा निवडून आलेला सदस्य, शाळेच्या पालकसभेत तोंड उघडू पाहणारा बाप, कॉलेजात सेमिनार द्यायचा म्हणून रात्रभर जागणारी मुलगी, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. उदाहरणं मात्र जास्त करून आमसभेची घेतली आहेत, कारण तिथलं बोलणं गावाच्या कामी पडतं.

आधी भीती नीट पाहून घ्या

सभेत बोलण्याबद्दल जे शिकवलं जातं त्यात समोर अनोळखी माणसं आहेत असं धरलेलं असतं. गावात उलटं असतं. समोर सासरे असतात, चुलत दीर असतो, ज्याच्या वावरात उद्या मजुरीला जायचं आहे तो मालक असतो, चौथीत छडी मारलेले गुरुजी असतात. काही चुकलं तर उद्या सकाळी पाण्याच्या रांगेत तीच तोंडं भेटणार. त्यामुळे "काय बोलू" यापेक्षा "लोक काय म्हणतील" हाच धाक मोठा असतो. एक कागद घेऊन आपल्याला नेमकी कशाची भीती वाटते ते लिहा. "मला बोलायची भीती वाटते" एवढ्यावर थांबू नका. "मध्येच विसरले तर", "माझी भाषा ऐकून हसले तर", "अमुक माणूस उठून उलटं बोलला तर" इतकं स्पष्ट लिहा. यातल्या प्रत्येक भीतीवर इलाज वेगळा आहे.

एक भीती मात्र मनातली नसते, खरी असते. ज्याच्याविरुद्ध बोलायचं तोच रोजगार देणारा असेल, किंवा गावात जातीचा ताण असेल, तर बोलण्याचे परिणाम होऊ शकतात. तिथे "हिंमत करा" एवढंच सांगणं बेजबाबदारपणाचं ठरेल. अशा वेळी एकट्याने उठू नका. विषय गटाचा करा, दहा जणांच्या सह्यांचा अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि सभेत फक्त त्या अर्जाचं काय झालं ते विचारा.

अंगात काय होतं

नाव पुकारलं की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहातांना घाम येतो, पोटात गोळा येतो. हे सगळं अॅड्रेनलिन या शरीरातल्या रसायनाचं काम आहे. साप दिसल्यावर शरीर जे करतं तेच ते सभेतही करतं. धोका आहे असं समजून रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळवतं आणि पचनाचं काम मंद करतं, म्हणून पोटात कालवतं. हा आजार नाही, भित्रेपणाची खूणही नाही. बहुतेकांचा हा जोर पहिल्या एक-दोन मिनिटांत सर्वांत जास्त असतो आणि बोलत राहिलं की उतरू लागतो.

इथे दोन अभ्यास कामाचे आहेत. केनेथ साविट्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवलं की बोलणाऱ्याला आपली घबराट जेवढी उघडी पडल्यासारखी वाटते तेवढी ती ऐकणाऱ्यांना दिसतच नाही. ज्यांना ही गोष्ट आधी सांगितली होती ते बोललेही अधिक चांगलं. म्हणजे तुमच्या छातीचे ठोके तुम्हालाच ऐकू येतात, तिसऱ्या रांगेतल्या माणसाला नाही. दुसरा अभ्यास अॅलिसन वुड ब्रुक्स यांचा, २०१४ चा. घाबरलेलं असताना स्वतःला "शांत हो" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह आला आहे" असं म्हणणारे चांगलं बोलले. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. धडधडणारी छाती हुकमाने शांत होत नाही, पण ती धडधड बोलण्याच्या जोराकडे वळवता येते. उठण्याआधी मनात म्हणा, "अंगात जोर आला, आता बोलतो."

आणि श्वास. चार अंक मोजत नाकाने आत, सात-आठ अंक मोजत हळूहळू बाहेर, असं पाच वेळा. बाहेर सोडलेला श्वास लांबला की हृदयाची गती कमी होते. सतरंजीवर बसल्या बसल्या हे करता येतं, शेजारणीला कळतही नाही.

एकदम आमसभेत उठू नका

नवा गोऱ्हा कोणी पहिल्याच दिवशी भरल्या बंडीला जुंपत नाही. तसंच हे. पहिली वेळ सोपी हवी, कारण पहिली वेळ फसली तर माणूस पुढची दोन वर्षं तोंड उघडत नाही.

पहिली पायरी म्हणून बचत गटाची बैठक उत्तम. दहा-बारा बाया, सगळ्या ओळखीच्या, आणि कोणालातरी मागच्या बैठकीचा हिशेब वाचून दाखवावाच लागतो. तो तुम्ही वाचा, आणि उभं राहून वाचा. बसून बोलणं आणि उभं राहून बोलणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. भीतीचा मोठा भाग त्या उठण्यातच असतो. ज्या गावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी होते, तिथे प्रार्थना सांगण्याची पाळी मागून घ्या. शब्द ठरलेले असतात, लोक सोबत म्हणतात, आणि आपला आवाज मोकळ्या जागेत कसा जातो ते कळतं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं आणि गावोगावच्या दंडारी सुरू होतात. गावच्या मंडळात दोन वाक्यांचं काम मिळालं तरी घ्या. रात्री हजार माणसांसमोर दोन वाक्यं म्हटलेल्या पोराला चाळीस माणसांची सभा जड जात नाही.

यानंतर कोणाच्या तरी सभेत एकच प्रश्न विचारा. भाषण नाही, प्रश्न. शाळेच्या पालकसभेत "गणवेश कधी मिळणार?" इतकाच. कृषी सहायक सोयाबीनच्या बीजप्रक्रियेवर बोलून गेले की "हे औषध किती किलोला किती लावायचं?" एवढाच. प्रश्न विचारणाऱ्यावर नजरा दहा सेकंद थांबतात आणि मग उत्तर देणाऱ्याकडे जातात. ते दहा सेकंद झेलायची सवय झाली की एक मिनिटही झेलता येतं.

बायांसाठी कायद्यानेच एक पायरी ठेवलेली आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती सह्यांपुरती उरते, ही दुःखाची गोष्ट आहे. आपण ती खरी करायला लावायची. तिथे पुरुष नसतात, सासरे नसतात, विषय आपलेच असतात. तिथे मांडलेला मुद्दा मोठ्या सभेत पुन्हा मांडायचा, म्हणजे तोंडी बसलेलं असतं. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. आज सतरंजीवर बसलेलीला उद्या खुर्चीवर बसून बोलावं लागू शकतं, तेव्हा शिकायला सुरुवात आत्ताच झालेली बरी.

ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर अशा होतात. एका सभेत ठरवायचं, मधल्या काळात छोट्या पायऱ्या चढायच्या, पुढच्या सभेत उठायचं. यापेक्षा घाई नको, आणि यापेक्षा लांबणही नको.

काय बोलायचं: एक विषय, चार वाक्यं

आपल्याकडे भाषण म्हटलं की लोक अशी सुरुवात करतात: "सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय सरपंच महोदय, उपस्थित मान्यवर आणि माझ्या तमाम बंधू-भगिनींनो, आज मी आपल्यासमोर पाणी या ज्वलंत समस्येवर माझे दोन शब्द मांडण्यासाठी उभी आहे, ते आपण शांतपणे ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती." एवढं पाठ करता करताच जीव अर्धा होतो. त्यात "व्यासपीठ" शब्दावर जीभ अडखळली की पुढचं सगळं सांडतं. आणि इतकं म्हणूनही पाण्याबद्दल एक अक्षर बोलून झालेलं नसतं.

त्याऐवजी हे पाहा: "सरपंचताई, मी वार्ड नंबर तीनची. आमच्या गल्लीतला हातपंप होळीपासून बंद आहे. बावीस घरं शाळेजवळच्या विहिरीवरून पाणी आणतात. दुरुस्ती कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते आज सांगा आणि लिहून घ्या."

कोण बोलतंय, काय झालं, किती जणांना त्रास, काय हवं. झालं. अर्धं मिनिटही लागत नाही. हे कोणाला हसण्यासारखं नाही आणि टाळण्यासारखंही नाही, कारण त्यात "होळीपासून" आणि "बावीस घरं" आहेत. हिशेब हातात असलेल्या माणसाला आत्मविश्वास वेगळा आणावा लागत नाही. म्हणून सभेच्या आठ दिवस आधी गल्लीत फिरून घरं मोजा, तारखा विचारा, जुना अर्ज केला असेल तर त्याची पोच शोधा. बोलण्याच्या तयारीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे. बाकी सगळं याच्या मागे येतं.

ही चार वाक्यं मोठ्या अक्षरात कागदावर लिहा. पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र तोंडपाठ करा, झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल इतकं. मधलं पाठ करू नका. शब्दन् शब्द पाठ केलेलं भाषण एका शब्दाला अडलं की पुढे जात नाही. शाळेत २६ जानेवारीला पोरांना पानभर भाषण घोकायला लावतात, ते मला म्हणूनच पटत नाही. ज्या पोराला घोकलेलं आठवलं नाही तो रडत खाली उतरतो आणि "आपल्याला भाषण जमत नाही" हे आयुष्यभर धरून बसतो. त्याला गावच्या तळ्याबद्दल स्वतःची पाच वाक्यं बोलू दिली असती तर तो अडला नसता.

बोली आपलीच

"आम्हाला शुद्ध बोलता येत नाही जी" हे वाक्य विदर्भात फार ऐकायला मिळतं. नागपूर-पुण्याकडून आलेल्या साहेबासमोर "मले", "तुले", "काहून" तोंडातून निघेल या धास्तीने माणसं गप्प बसतात. दुसऱ्याची भाषा आठवत आठवत बोलायचं म्हणजे डोकं दोन कामांत अडकतं: विषय सांभाळायचा आणि शब्दही बदलायचे. अडखळणं तिथूनच येतं.

गाडगेबाबांची आठवण इथे ठेवा. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस शाळा शिकला नव्हता. १९५६ मध्ये देह ठेवेपर्यंत तो महाराष्ट्रभर कीर्तनं करत फिरला, आणि वऱ्हाडी बोलीतच बोलला. ऐकायला अडाणी मजूर बसायचे तसे मोठे शिकलेलेही बसायचे. बाबांची रीत शिकण्यासारखी आहे: ते लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तर घ्यायचे. आपणही तसं करू शकतो. उठल्यावर पहिलं वाक्य प्रश्नाचं ठेवा: "आपल्या गल्लीतला हातपंप होळीपासून बंद हाय का नाही?" सतरंजीवरून चार-पाच बाया "हाय, हाय" म्हणतात. त्या क्षणी तुम्ही एकट्या उरत नाही. सभाही जागी होते आणि आपला आवाजही मोकळा होतो. नवख्या बोलणाऱ्यासाठी मला याहून चांगली युक्ती माहीत नाही.

तालुक्याच्या अधिकाऱ्यासमोर बोलताना आकडे, तारखा आणि योजनेचं नाव तेवढं नीट उच्चारा. बाकी वाक्य वऱ्हाडीत असो की झाडीबोलीत, त्याला कळतं.

सराव कसा करायचा

मनात घोकणं हा सराव नाही. तोंडाने, मोठ्याने, उभं राहून म्हणा. वावरात कोणी नसतं, तिथे धुऱ्यावर उभं राहून समोरच्या झाडापर्यंत आवाज जाईल असं बोला. आवाज पोटातून कसा काढायचा हे तिथे आपोआप कळतं. मग मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकताना सगळ्यांनाच परका वाटतो, कारण एरवी तो आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येत असतो. त्याने खचू नका. रेकॉर्डिंगमध्ये दोनच गोष्टी तपासा: फार घाईने बोलतोय का, आणि वाक्याचा शेवट गिळतोय का. घाबरलेला माणूस हमखास या दोन्ही गोष्टी करतो. शेवटी एका माणसासमोर बोला, नणंद असो, मित्र असो. "कसं वाटलं?" असं विचारू नका, "माझी मागणी काय होती, सांग" असं विचारा. त्याला सांगता आली तर तयारी झाली.

सभेच्या दिवशी

लवकर जा. रिकाम्या समाजमंदिरात जिथून बोलायचं तिथे जरा उभं राहून घ्या. उपाशीपोटी जाऊ नका, पाण्याची बाटली जवळ ठेवा. सोबत दोन माणसं ठरवून न्या. एक समोर बसेल, तिच्याकडे पाहून सुरुवात करायची. दुसरी मागे बसेल, आवाज पोहोचला नाही तर हात वर करेल. आपला विषय सुरुवातीलाच सचिवांकडे लिहून द्या, म्हणजे पाळी येते आणि ऐनवेळी हात वर करण्याचा ताण राहत नाही.

हात थरथरतात आणि कागद फडफडतो, ते लोकांना दिसतं असं वाटून थरथर आणखी वाढते. म्हणून सुटा कागद हातात धरूच नका. गटाच्या जाड रजिस्टरवर कागद चिकटवा आणि रजिस्टर दोन्ही हातांनी धरा. पाय थोडे फाकवून, दोन्ही तळपायांवर सारखा भार देऊन उभं राहा. उठल्याबरोबर बोलू नका. एक श्वास घ्या, समोरच्या ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहा, मग पहिलं वाक्य.

माइकचा धसका पुष्कळांना असतो, पण त्याचे नियम थोडेच आहेत. तोंडापासून चार बोटं दूर, हनुवटीच्या जरा खाली धरा. जाळीवर हात ठेवू नका. फुंकर मारून पाहू नका. माइक घेऊन भोंग्याच्या समोर गेलात की "कुईई" असा आवाज येतो, तेव्हा भोंग्याकडे पाठ न करता बाजूला सरका. माइकमधून आपलाच आवाज मोठा होऊन कानावर आला की नवा माणूस दचकून थांबतो. दोन शब्द जाऊ द्या, सवय होते. आणि लाइन गेली, जी आमच्याकडे जातेच, तर माइक खाली ठेवा, दोन पावलं पुढे या आणि मागच्या रांगेशी बोला. धुऱ्यावरचा सराव इथे कामी येतो.

मध्येच विसरलात तर शेवटचं वाक्य पुन्हा म्हणा. ऐकणाऱ्याला वाटतं, जोर देण्यासाठी म्हटलं. तरीही आठवलं नाही तर सरळ सांगा, "थांबा, कागद पाहते," आणि सावकाश पाहा. आपल्याला तो वेळ फार लांब वाटतो, सभेला तो दोन श्वासांचाच असतो.

कोणी मध्येच ओरडेल, "बस खाली, तुले काय समजते त्यातलं!" याची तालीम आधीच करून जा. ओरडणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, त्याच्याकडे पाहायचंही नाही. खुर्चीवर बसलेल्या अध्यक्षांकडे पाहून म्हणायचं, "अध्यक्षांनो, माझं बोलणं अजून व्हायचं आहे." सोबत नेलेल्या दोघी त्याच वेळी म्हणतील, "बोलू द्या तिले." वैयक्तिक टोमणा आला तर आपलं मागणीचं वाक्य पुन्हा म्हणा, तेच शब्द, त्याच आवाजात. भांडण झालं की हातपंप बाजूला राहतो, आणि ओरडणाऱ्याला बहुधा तेच हवं असतं.

खाली बसल्यावर

अंग थोडा वेळ थरथरत राहील, ते आपोआप निवतं. घरी गेल्यावर काय चुकलं याची उजळणी करत बसू नका. त्याच संध्याकाळी तीन गोष्टी लिहून ठेवा: काय बोललो, उत्तर काय मिळालं, पुढच्या वेळी एक कोणती गोष्ट वेगळी करायची. ती एकच हवी.

काही जणांची भीती याहून खोल असते. सभेच्या विचाराने आठवडाभर झोप लागत नाही, चार लोकांत जेवायला, फोनवर बोलायलाही नको वाटतं, शाळा-कॉलेज सुटतं. तेव्हा सराव पुरेसा नसतो, आणि त्यात त्या माणसाचा काही दोष नसतो. यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर मोफत फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही जाता येतं. मात्र "धडधड थांबवायची गोळी" कोणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणून घेऊ नका. अशा गोळ्या दमा असलेल्यांना आणि काही हृदयरोग्यांना घातक ठरू शकतात. डॉक्टरांनी तपासून दिली तरच घ्या.

सभेनंतर आठ-पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीत जाऊन इतिवृत्त पाहा. आपला विषय त्यात आला का, कोणत्या शब्दांत आला, हे वाचा. आला नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पुढच्या सभेसाठी तुमचं पहिलं वाक्य तयारच आहे: "मागच्या सभेत मी हातपंपाचा विषय मांडला होता, त्याचं काय झालं?"